नानाकाका आणि ते नऊ गोल (फॅमिली ग्रुप, सोमवार रात्र)

चिनू: काका आत्ताच एमसीजीवरून रूमवर आलो. मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड, आयुष्यातली पहिली फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच. मॅचच्या आधी लोक घसरगुंडीवरून बर्फाच्या पाण्यात पडत होते हा काय प्रकार आहे? आणि शेजारचे एक आजोबा दर पाच मिनिटांनी म्हणत होते विझ हवा होता आज, विझ हवा होता. विझ कोण?

आत्या: आधी सांग कानटोपी घातली होतीस का

चिनू: हो गं आत्या, निळी. तिथे सगळ्यांनीच निळ्या घातल्या होत्या

नानाकाका: ती निळी टोपी डॅनिहरसाठी. नील डॅनिहर, 2000 साली आमचा म्हणजे मेलबर्नचा कोच होता. 2013 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा आजार निघाला, हात पाय बोलणं एकेक करून जातं त्यात आणि बरं करणारं औषध नाही, पण हा गडी घरी बसला नाही, 2015 पासून ह्याच सोमवारच्या मॅचला हे बर्फाचं सुरू केलं, टोप्या विकायच्या, नावाजलेल्या लोकांना गार पाण्यात पाडायचं आणि जमलेले पैसे संशोधनाला द्यायचे. 2025 चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाला. आणि विझ म्हणजे विझर्ड, जादूगार. आमचा जुना प्लेअर जेफ फार्मर!!! अरे त्या आजोबांचा नंबर का नाही घेतलास

बाबा: झालं. आता नाना दोन तास थांबत नाही

दादा: काका एक मिनिट, आत्याला आधी गेम सांगा, ती फुटबॉल समजतेय

नानाकाका: ताई, मैदान क्रिकेटचंच, लांबट गोल. एका बाजूला 18 जण. बॉल अंडाकृती, हातात धरून पळता येतं, लाथ मारता येते, फेकता मात्र येत नाही, मुठीने मारून द्यायचा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारून गेला तर गोल म्हणजे 6 पॉइंट, बाजूच्या खांबांतून गेला तर 1. अंगावर येतात कबड्डीसारखे.

आत्या: चुकला तरी 1 देतात? बरं आहे

नानाकाका: हो ना. तर जेफ. टॅम्बेलप म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात एक छोटं गाव आहे, मेंढ्या आणि गहू, तिथला पोरगा. मूळनिवासी समाजातला. 1995 ला आमच्याकडे खेळायला लागला तेव्हा अठराचाही झाला नव्हता. अंगाने बुटका, उंच गडी वर बॉलसाठी झोंबतात तेव्हा हा खाली पायात घोटाळत राहायचा आणि बॉल निसटला रे निसटला की ह्याच्या हातात, मग वळायचा कसा ते बघणाऱ्याला कळायचं नाही, पाठ खांबांकडे आणि बॉल आत. पण हे सगळं त्याच्या मनात असेल तर. नसेल तर अख्खी मॅच तो मैदानावर आहे की घरी गेला हे शोधावं लागायचं.

दादा: काका मी आत्ता बघितलं, 249 मॅच 483 गोल. म्हणजे मॅचला जवळपास 2. छोट्या फॉरवर्डसाठी हे मस्त आहे, इनकन्सिस्टंट कुठून आला

नानाकाका: सरासरी काढली तर नाशिकच्या नळाला पण चोवीस तास पाणी असतं

आत्या: 😂 आज आलंच नाही

बाबा: म्हणजे आपला कांबळी. मी वानखेडेवर होतो नाना 224 ला, 93 च्या फेब्रुवारीत, इंग्लंड. त्याच्या पुढच्याच टेस्टला दिल्लीत 227. आणि 17 टेस्टमध्ये खेळ खल्लास, ॲव्हरेज 54. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

नानाकाका: नाही रे भाऊ, इथे तुझं चुकतंय. कांबळी गेला तो गेला, 95 नंतर टेस्ट नाही. हा 14 सीझन खेळला. आमच्याकडे 2001 पर्यंत आणि मग घराजवळ, फ्रीमँटलला 2008 पर्यंत. सस्पेन्शनं झाली, एक दोन नाही, डोकं गरम होतं त्याचं, कुणाला तरी काहीतरी करायचा आणि मग आठवडेच्या आठवडे बाहेर. फॅन वैतागायचे, मी पण शिव्या घातल्यात. पण दर वर्षी परत यायचा. कांबळीचं दुःख असं की पुढे काय ते बघायलाच मिळालं नाही. जेफचं बघायला भरपूर मिळालं, फक्त कधी मिळेल ते सांगता यायचं नाही.

मिनी (नानाकाकांची मुलगी): बाबा सॉरी पण मला एक बोलायचंय. इथे काय होतं माहितीये का, गोरा प्लेअर वाईट खेळला तर म्हणतात फॉर्म नाही, पाठ दुखतेय, आणि इंडिजिनस प्लेअर वाईट खेळला तर म्हणतात मूडी आहे. चांगला खेळला की मॅजिक. म्हणजे प्रॅक्टिस वगैरे त्याने केलीच नाही, जादूच. टोपणनाव पण बघा ना, विझर्ड. मला ते गोड वाटतं पण थोडं असंही वाटतं.

नानाकाका: ...

नानाकाका: खरंय गं. मी पण वर तेच लिहिलं, मनात असेल तर वगैरे. आपल्याला काय माहीत त्याच्या मनात काय होतं. त्या वयात घरापासून जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. मी तीस वर्षांचा होतो इथे आलो तेव्हा, तरी पहिले सहा महिने रात्री झोप नव्हती. आणि तो आला तेव्हा मैदानावर कातडीवरून बोलायचं नाही हा नियम नुकता कुठे होत होता, त्याच वर्षी, एसेंडनच्या मायकल लाँगने आवाज उठवला म्हणून.

काकू: मिनी बरोबर बोलली

चिनू: पण आजोबा म्हणत होते क्वीन्स बर्थडे 2000, ते काय?

बाबा: अरे कशाला विचारलंस

नानाकाका: 12 जून 2000, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा सोमवार. हीच मॅच, हेच मैदान, समोर कॉलिंगवूडच. थंडी अशी की थर्मासमधला चहा ओतेपर्यंत निवायचा. हाफटाइमपर्यंत जेफ शून्य. एकही गोल नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण ओरडून ओरडून त्याला टॅम्बेलपचं तिकीट काढून देत होता. आणि मग सेकंड हाफमध्ये 9. नऊ! एका हाफमध्ये! कॉलिंगवूडवाल्यांनी माणसं बदलून बघितली, काही उपयोग नाही, बॉल त्याला शोधत येत होता. त्या वर्षी 76 गोल आणि वर्षातल्या बेस्ट प्लेअरांच्या ऑल ऑस्ट्रेलियन टीममध्ये. आम्ही फायनलला गेलो, ऑलिम्पिकमुळे फायनल लवकर होती, 2 सप्टेंबरला, आणि एसेंडनने 60 पॉइंटने धुतलं. एसेंडन अख्ख्या वर्षात एकच मॅच हरली होती, त्यामुळे लाज नाही. पुढच्या वर्षानंतर जेफ फ्रीमँटलला गेला आणि आम्हाला कप बघायला 2021 उजाडलं, 57 वर्षांनी, तोही पर्थमध्ये खेळलेला, मी इथे लॉकडाऊनमध्ये हॉलमध्ये एकटा नाचलो.

चिनू: काका तुम्ही ते नऊ गोल लाइव्ह बघितलेत?? बाप रे

काकू: नानांना विचार ते नीट

काकू: नाहीतर मीच सांगते. मिनी दोन वर्षांची होती, तिचा कान दुखत होता, रडून रडून निळी झाली. हाफटाइमला आम्ही निघालो. थालीपिठं फॉइलमध्ये तशीच परत आणली. नऊ गोल झाले तेव्हा हे ग्लेन वेव्हर्लीच्या ट्रेनमध्ये होते.

आत्या: नान्या!!!! पंचवीस वर्षं??

दादा: 🤣🤣🤣 काका माझ्या मुंजीत पण सांगितली होती तुम्ही ही स्टोरी, ॲक्शनसकट

मिनी: म्हणजे मी जबाबदार?? वा

बाबा: मला संशय होताच. दर वेळी सांगताना वेगळ्या बाजूच्या खांबांतून जायचा तो शेवटचा गोल

नानाकाका: बरं ऐका आता खरं. रिचमंड स्टेशनवरून गाडी पकडली. समोर एक म्हातारा, काळापांढरा स्कार्फ म्हणजे कॉलिंगवूडवाला, तो पण लवकर निघालेला, कानाला छोटा ट्रान्झिस्टर. मी काही विचारलं नाही कारण मिनी माझ्या खांद्यावर रडत होती आणि मी लाल निळा मफलर घातलेला. पण त्याचा चेहरा बघत होतो. जरा वेळाने डोळे मिटायचा आणि जबडा घट्ट करायचा. मग मला कळलं की काहीतरी होतंय. मग एकदा त्याने माझ्याकडे बघितलं, बोट वर केलं, परत थोड्या वेळाने अजून एक बोट. बोलला एक शब्द नाही. उतरताना त्याने ट्रान्झिस्टर बंद करून खिशात टाकला आणि मिनीच्या डोक्यावर हात फिरवून गेला. बाकीचे मी घरी वरण गरम करताना रेडिओवर ऐकले.

मिनी: बाबा हे का नाही सांगितलं कधी, हे तर जास्त भारी आहे

काकू: वरण करपवलं होतं ते पण सांगा

आत्या: नान्या तू थापाड्या आहेसच पण म्हाताऱ्याचं वाचून बरं वाटलं

दादा: म्हणजे काका टेक्निकली तुम्ही त्या दिवशी मैदानावर काय बघितलंत?

नानाकाका: पहिला हाफ. जेफ फार्मर शून्य. ते बघितलेले किती जण कबूल करतात सांग बरं, सगळे फक्त नऊच सांगतात