मदत हवी आहे: एसी बंद केला की गाडीची काच पुन्हा धुरकट

पावसाळी हवेत आत तीन-चार माणसं बसली की पुढची काच धुरकट होते. आतल्या बाजूनेच, बोट फिरवलं की रेघ उमटते, वायपरचा काही उपयोग नाही. एसी लावून हवा काचेवर सोडली की मिनिटभरात साफ. पण एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवला की आधीपेक्षा जास्त वाफ धरते. त्यामुळे 'एसी चालूच ठेवा' हे सोडून दुसरं काही सांगा.

रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणं) बंदच असतं. काच आतून धुऊन कोरडी केली, केबिन फिल्टर नवा टाकला. वाफ धरू नये म्हणून काचेला शेव्हिंग फोमही लावून पाहिला. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे असे फाकतात की नको रे बाबा! कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत नाही, त्याचा गोडसर वासही नाही, म्हणजे हीटरमधून तो गळत नसावा.

मात्र ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट उचलून कार्पेट दाबलं तर हाताला ओल लागते, आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नाही.

म्हणजे एसीची ड्रेन नळी (एसीत जमलेलं पाणी गाडीखाली सोडणारी) तुंबली असेल, की दाराच्या रबरातून पावसाचं पाणी शिरतंय? डॅशबोर्ड न उघडता यातलं नेमकं काय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?