राउलसारखा नायक हवाय! रोमँटिक सस्पेन्स सुचवा

रानजाई

मेरी स्ट्युअर्टची ‘नाइन कोचेस वेटिंग’ परवा पहाटे वाचून संपली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात जीव रमत नाहीये. दोन चांगली पुस्तकं उघडली आणि दहा-दहा पानांवर मिटून ठेवली. राउल डोक्यातून जातच नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट न फोडता. लिंडा मार्टिन ही अनाथ तरुणी फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या एका जुन्या गढीवर नऊ वर्षांच्या फिलिपची गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई, म्हणून येते. फिलिपला आईवडील नाहीत, पण सगळी जहागीर त्याच्या नावावर आहे. तो मोठा होईपर्यंत कारभार काकाच्या हातात. मग पोरावर एकामागून एक ‘अपघात’ ओढवायला लागतात. राउल हा त्या काकाचा मुलगा. लिंडाचा त्याच्यावर जीव जडतो, आणि पोराच्या जिवावर उठलेल्यांत हाही सामील आहे की नाही, हे तिला काही केल्या कळत नाही.

पहिल्याच भेटीत त्याची गाडी संधिप्रकाशात तिच्या अंगावर येता येता राहते. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मेजवानीच्या रात्रीचा प्रसंग वाचला आणि मी गेलेच. खाली नाच चाललेला असतो. मध्यरात्री वर येऊन तुझ्याबरोबर गुपचूप खाऊ खाईन, असं लिंडाने फिलिपला कबूल केलेलं असतं. राउल तिच्या त्या शब्दाची थट्टा करत नाही. खालचे पाहुणे सोडून तोही वर येतो आणि एका लहान मुलाच्या खोलीत बसून खातो. त्या क्षणी मला तो इतका आवडला की पोटात गोळा आला, कारण पुढच्याच प्रकरणात हा माणूस खुनी निघाला तर काय, ही भीती होतीच.

मला नेमकं हेच पुन्हा हवंय. नायकावर मनापासून प्रेम बसावं आणि त्याचीच भीतीही वाटावी. नायिका खमकी हवी, नुसती किंचाळणारी नको. रक्तपात कमी असला तर बरं. नायक बाईला धाकात ठेवणारा असेल आणि लेखक त्यालाच प्रेम म्हणत असेल, तर तसं पुस्तक अजिबात नको. सुचवा ना, प्लीज.

जुनी_वही

रानजाई, तुझी पोस्ट वाचून मला माझं पहिलं वाचन आठवलं. मीही त्या खाऊच्या प्रसंगालाच पाघळले होते!

सुचवण्याआधी एक सांगते, म्हणजे शोधताना फसगत व्हायची नाही. ‘रोमँटिक सस्पेन्स’ या नावाखाली दोन वेगळ्या तऱ्हेच्या कादंबऱ्या मिळतात. स्ट्युअर्टच्या बहुतेक गोष्टी नायिका स्वतः सांगते. तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. नायकाच्या मनात काय चाललंय ते कळायला वाव नाही. तो उशिरा का आला, फोनवर कोणाशी बोलत होता, हसता हसता गप्प का झाला, हे सगळं तिने ताडायचं आणि तिच्याबरोबर आपण. आजकालच्या पुष्कळ पुस्तकांत एक प्रकरण तिचं, एक त्याचं असं असतं. त्याच्या प्रकरणात तो तिच्यासाठी किती झुरतोय ते वाचलं की त्याच्यावरचा संशय तिथेच संपतो. मग भीती उरते ती बाहेरच्या कुणा माथेफिरूची. तीही पुस्तकं रंगतात, पण तुला लागलेली हुरहूर त्यांत मिळणार नाही. म्हणून पुस्तक घेण्याआधी पहिली दोन प्रकरणं चाळ. दुसरं प्रकरण नायकाच्या बाजूने असेल तर आत्ता ते बाजूला ठेव.

आता नावं. पहिलं स्ट्युअर्टचंच, ‘मॅडम, विल यू टॉक?’ ही तिची पहिली कादंबरी. युद्धात नवरा गमावलेली चॅरिटी सुट्टीसाठी दक्षिण फ्रान्समध्ये येते, तिथे तिची एका घाबरलेल्या मुलाशी गट्टी जमते. त्या मुलाच्या बापावर खुनाचा आळ आहे आणि तो मुलाला शोधत आलाय. त्याला चुकवण्यासाठी चॅरिटी जी गाडी हाणते ना, ती पानं मी उभ्या उभ्या वाचली होती. ही बाई किंचाळत बसत नाही, गिअर टाकते.

दुसरं ‘टच नॉट द कॅट’, 1976 चं. ब्रायनीचं लहानपणापासून कुणाशी तरी मनातल्या मनात बोलणं चालतं. तो आपल्याच घराण्यातला आहे एवढं तिला ठाऊक आहे, पण नेमका कोण ते नाही. प्रेम आधीच जडलंय, माणूस अजून सापडायचाय, आणि आजूबाजूच्या चुलतभावांपैकी कुणाचा तरी हेतू वाईट आहे. तुला हवंय ते इथे उलट्या बाजूने मिळेल. मला राउलपेक्षाही यातला नायक जास्त आवडतो. नाव अर्थातच सांगणार नाही.

मध्यरात्र

‘रेबेका’ वाचली नसशील तर आज रात्रीच सुरू कर. डॅफ्ने द्यू मॉरिए, 1938. गोष्ट सांगणाऱ्या बायकोचं नाव अख्ख्या कादंबरीत कुठेही येत नाही. ते माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. हिचकॉकचा 1940 चा सिनेमा सुंदर आहे, पण त्या काळच्या सेन्सॉरच्या नियमांमुळे त्यात एक कळीची गोष्ट बदललीये. म्हणून पुस्तक आधी.

सावळी

‘रेबेका’ थोर आहे, पण रानजाईने मागितलंय ते नाही, असं माझं मत. त्यातल्या नायकावर, मॅक्सिमवर, माझा जीव कधीच बसला नाही. तो बायकोला लहान मुलीसारखं वागवतो, तिला काही सांगत नाही, आणि ती बिचारी त्याच्या गप्प बसण्याला स्वतःचाच दोष समजते. पुस्तक त्या घुसमटीबद्दलच आहे आणि म्हणूनच ते मोठं आहे. पण राउलच्या ओढीने कुणी तिथे गेलं तर हिरमोड होईल.

वय झालंय म्हणून हक्काने एक बोलते हो. या प्रकारातला नायक कमी बोलतो आणि आपण त्या गप्प बसण्यात पाहिजे ते भरत जातो. तरुणपणी मी फार भरलं. आता मी वाचताना एकच बघते. तिने ‘नाही’ म्हटल्यावर हा काय करतो? राउलच्या बाबतीत ते बघ. लिंडा त्याच्यावर भयंकर शंका घेते, आणि ती शंका त्याला कळते. दुखावला जातो तो, खोलवर. त्यानंतर तो जे वागतो, त्यासाठी मला तो आवडतो. खाऊचा प्रसंग गोड आहे, पण माझ्यासाठी राउल शेवटच्या चाळीस-पन्नास पानांत उभा राहिला.

याच कसोटीवर ‘जेन एअर’ घे. 1847 साली शार्लट ब्राँटेने ती करर बेल या टोपणनावाने छापली. गव्हर्नेस, मोठं घर, रात्री माडीवरून येणारं हसू, सगळं तिथूनच पुढे आलंय. (पुढचं वाक्य ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांनी सोडा.) घराचा मालक रॉचेस्टर नायिकेला, जेनला, फसवतो, दुसऱ्या बाईचं नाव पुढे करून झुरवतो, ज्योतिषी बाईचं सोंगसुद्धा घेतो. तरी ते पुस्तक मी दर काही वर्षांनी वाचते, कारण जेन त्याच्यावर जिवापाड प्रेम असताना उठून निघून जाते. दार उघडून जाणारी नायिका असली की नायकालाही माणूस व्हावं लागतं.

रानजाई

सावळीताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ती शेवटची पानं मी पहाटे घाईघाईत वाचली होती, त्याचं काय होतं एवढंच बघायचं होतं. आज पुन्हा सावकाश वाचणार.

जुनी_वही, ‘दुसरं प्रकरण कोणाचं’ ही खूण फार उपयोगी आहे. मी बाजूला ठेवलेल्या दोन्ही पुस्तकांत दुसरं प्रकरण नायकाचंच होतं! माझं मन लागत नाहीये असंच मी समजत होते.

कवडसा

थोडं वेगळं सुचवतो. द्यू मॉरिएचीच ‘माय कझिन रेचेल’, 1951. इथे गोष्ट सांगणारा फिलिप नावाचा तरुण पुरुष आहे आणि संशय बाईवर. ज्या भावाने फिलिपला लहानाचं मोठं केलं, तो इटलीत लग्न करतो आणि तिथेच वारतो. मरण्याआधीची त्याची पत्रं बायकोबद्दल भलतंच काही सांगतात. मग ती बायको, रेचेल, दारात येते आणि फिलिप तिच्या प्रेमात आकंठ बुडतो. पुरुष असा विरघळताना वाचला की कळतं, हे वेड काही फक्त नायिकांचं नाही. मी फिलिपच्या वयाचा असताना वाचली होती आणि त्याचा प्रत्येक मूर्खपणा मला रास्त वाटला होता.

पण सगळे धागेदोरे शेवटी हातात यायलाच हवे असतील तर ही आत्ता नको. अजूनही मी एका वाचनात तिला दोषी धरतो, दुसऱ्यात सोडून देतो.

त्यापेक्षा तुम्हाला ‘जमेका इन’ जवळची वाटेल, 1936 ची. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा उजाड माळ, बदनाम खाणावळ, दारुडा दांडगा मामा आणि त्याचा धाकटा भाऊ जेम. हा जेम घोडेचोर आहे आणि तसं तोंडावर सांगतो. बाकीचे सभ्य दिसतात आणि लपवतात, हा चोर आहे आणि लपवत नाही. नायिका मेरीने विश्वास कुणावर ठेवायचा? मेरीसुद्धा खमकी आहे, मामासमोर मान खाली घालत नाही.

पिंपळपान

कवडसा, एक छोटी दुरुस्ती. तो मामा नव्हे, मावशीचा नवरा. मेरी आपल्या मावशीकडे येते. बाकी सगळ्याला अनुमोदन.

माझ्याकडून व्हिक्टोरिया होल्टची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’, 1960. पुन्हा गव्हर्नेस, पुन्हा कॉर्नवॉल, मालकाची पहिली बायको कशी गेली याचं गूढ, आणि आईविना वाढलेली हट्टी मुलगी. त्या मुलीचं आणि गव्हर्नेस मार्थाचं जमत जातं तो भाग मला प्रेमकथेहून जास्त भावला. भाषा स्ट्युअर्टइतकी देखणी नाही, पण पानं भराभर उलटतात. होल्ट हे टोपणनाव, खरं नाव एलिनॉर हिबर्ट. जीन प्लेडी या नावाने राजेराण्यांच्या कादंबऱ्या लिहिणारीही हीच. साठ-सत्तरच्या दशकांत अशा पुस्तकांची लाट आली होती. मुखपृष्ठावर हमखास पांढऱ्या झग्यात पळणारी बाई आणि मागे काळंभोर घर, एकाच खिडकीत दिवा. मुखपृष्ठ बघून नाक मुरडू नका, आत कधीकधी फार चांगलं लिखाण सापडतं.

अबोली_२

नवीन काही चालणार असेल तर जे. डी. रॉबची ‘नेकेड इन डेथ’, 1995. जे. डी. रॉब हे टोपणनाव, लेखिका नोरा रॉबर्ट्स. गोष्ट 2058 सालच्या न्यूयॉर्कमध्ये घडते. ईव्ह डॅलस पोलीस अधिकारी आहे, आणि ज्या खुनाचा ती तपास करतेय त्यातला एक संशयित म्हणजे रोर्क. संशय घेणं हे इथे तिचं कामच आहे. जुनी_वही म्हणतात तसं इथे अधूनमधून त्याच्या मनातलंही कळतं, त्यामुळे भीती तेवढी टिकत नाही. खून आणि रक्तही आहे, ते आधीच सांगून ठेवते. पण मालिका पन्नासहून जास्त पुस्तकांची आहे आणि दोघांचं लग्न झाल्यावरही प्रेम शिळं होत नाही. माझ्या एका वाईट वर्षात या दोघांनी मला फार सोबत केली. रात्री झोप लागायची नाही, तेव्हा ईव्हला रोर्क जबरदस्तीने जेवायला लावतोय एवढं वाचलं तरी बरं वाटायचं.

जुनी_वही

अबोली, हे लिहिलंस ते बरं झालं. पुस्तकातल्या माणसाने दिलेली सोबत खरीच असते.

रानजाई, अजून एक. कुठलंही घे, पण पाठीवरचा मजकूर वाचू नकोस आणि नेटवर नायकाचं नाव शोधू नकोस. या पुस्तकांत ‘हा चांगला की वाईट’ एवढंच तर दडवलेलं असतं. ते एका ओळीत कळलं की तीनशे पानं वाया.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी शेवटची पानं पुन्हा वाचली आणि मग राहवलं नाही, पहिल्यापासून सगळी कादंबरी वाचली. सावळीताई, तुमचं पटलं. पहिल्या वेळी त्याच्या प्रत्येक गप्प बसण्यात मला कट दिसत होता. या वेळी तिथे बापाला घाबरत वाढलेला मुलगा दिसला. वाक्यं तीच, एक शब्द बदललेला नाही. खाऊच्या प्रसंगात तो फिलिपकडे बघतो तेव्हा या वेळी मला रडू आलं, कारण त्याच्या लहानपणी असं वर कुणी आलं नसणार.

‘टच नॉट द कॅट’ मागवलंय, ते यायला वेळ आहे. तोवर ‘जमेका इन’ हाताशी होती, काल रात्री सुरू केली. जेम आत्ताच आलाय. उद्धट आहे, स्वयंपाकघरात येऊन बसलाय, आणि मेरीला हसू आवरत नाहीये. मलाही. कुणी काही सांगू नका.