लेकीचं पुस्तक पहाटे तीनपर्यंत वाचलं, आणि आता माझंच मला कसंतरी होतंय

नवतपावाली :
नवतपा, म्हणजे मे-अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू आहे, दुपारी नागपुरात बर्डीच्या बाजारात कुत्रंही फिरकत नाही आणि रात्री कूलरची मोटर अशी घरघरते की डोळा लागत नाही. अशाच एका रात्री लेकीच्या टेबलावरचं 'हंगर गेम्स' उचललं. सुझान कॉलिन्सचं, २००८ सालचं. लेक अकरावीत, मी ५१ वर्षांची. दोन पानं चाळून ठेवून देऊ म्हटलं आणि संपवूनच उठले तेव्हा तीन वाजले होते. सकाळी वरणात मीठ दोनदा पडलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : उत्तर अमेरिका मोडून पडल्यावर तिथं पॅनेम नावाचा देश उभा राहिलाय. ऐषारामी राजधानी कॅपिटॉल, आणि तिच्यासाठी राबणारे १२ जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून उचलायची. ही २४ पोरं रिंगणात सोडायची, एकच जिवंत उरेपर्यंत. बाकीच्यांनी हे टीव्हीवर बघायचं, सक्तीनं. बाराव्या जिल्ह्यातल्या १६ वर्षांच्या कॅटनिसच्या धाकट्या बहिणीचं नाव निघतं, आणि ही तिच्याऐवजी पुढं होते.

मला धरून ठेवलं ते त्या चिठ्ठ्यांनी. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्याला दोन, असं करत अठराव्याला सात. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि एका माणसाचं वर्षाचं धान्य-तेल घ्यायचं. घरात जितकी तोंडं तितक्या चिठ्ठ्या टाकता येतात, आणि जुन्या कधी पुसल्या जात नाहीत. म्हणून कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या आहेत आणि तिच्या मित्राच्या, १८ वर्षांच्या गेलच्या, ४२. लहानपणी आईचं बोट धरून रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई आहे मी. त्या पानावर पोटात खड्डा पडला.

आणि गोष्ट तरी आपल्याला कुठं नवी आहे? एकचक्रा नगरी, गाडाभर भात आणि पाळीपाळीनं एका घरातला एक माणूस. लेखिकेनं आपल्याला हे ग्रीकांच्या थिसिअसच्या कथेवरून सुचल्याचं सांगितलंय. तिथं अथेन्सची पोरं मिनोटॉरकडं धाडली जातात. आपल्याकडं निदान भीम आला होता. इथं बकासुर सोफ्यावर बसलाय आणि पोरांनीच एकमेकांना मारायचंय.

मग कसंतरी का होतंय? तर रिंगण सुरू झाल्यावर मी पानं भराभर उलटत होते. शेवटाकडं एका दांडगट पोराचं मरण लांबत जातं, तेव्हा मी वैतागले. कधी मरतो एकदाचा, असं! मग थांबले. मुलांनी मुलांना मारण्याची गोष्ट 'मजा आली' म्हणून कुणाला सांगायची, की गप्प बसायचं?

महालचा_मास्तर :
ताई, सकाळी रिकाम्या पोटी तर्री-पोहे हाणले की दुपारी छातीत जळजळतं. तसंच आहे हे. ३४ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून स्पष्ट बोलतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गळ टाकून ठेवायचा, म्हणजे मासा पुढच्या प्रकरणात आपोआप जातो. नायिका आपणच आपली गोष्ट सांगते, तीही चालू वर्तमानकाळात. त्यामुळं वाचकाला मागं सरून विचार करायला उसंतच नाही. वर एका पोरीमागं दोन पोरं. ऑर्वेलचं '१९८४' आलं १९४९ मध्ये. त्यात शेवटी माणूस मोडतो आणि तुमच्या हाती काही म्हणजे काही देत नाही. भविष्यातल्या जुलमाची गोष्ट अशी लिहितात.

आणि माझा खरा आक्षेप पुढंच आहे. भूक, पंगत, कुणी कुठं बसायचं, कुणी काय उचलायचं हे वाचायला पॅनेमला जावं लागतं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ पासून दुकानात आहे. ते आपल्या पोरांच्या टेबलावर का नसतं? कारण त्यातलं कॅपिटॉल आपल्याच घरात निघतं.

काऊन_बे :
मास्तर, तुमी पुस्तक वाचलं का पण? का मागचं कव्हर पाहून बोलून राहिले?

महालचा_मास्तर :
नातवानं दिलं होतं. सत्तर पानं वाचली. पुरली.

काऊन_बे :
मंग तुमी रिंगणात पोचलेच नाई ना! स्टेशनवर उतरून ताडोबा कसं आहे सांगून राहिले.

खाणीचा_पोरगा :
वडील सावनेरकडं भूमिगत खाणीत होते, म्हणून थोडं लांबण लावतो.

बारावा जिल्हा कोळशाचा आहे. कॅटनिस ११ वर्षांची असताना खाणीतल्या स्फोटात तिचे वडील जातात. पाच वर्षांनंतरही ती झोपेत ओरडते, 'पळा' म्हणून. आमच्याकडं तसं काही घडलं नाही, वडील रिटायर होऊन मस्त आहेत. पण सेकंड शिफ्ट सुटायची वेळ टळली की आई हातातलं काम तसंच ठेवून फाटकाशी यायची, काही न बोलता. आम्ही भावंडं तिच्याकडं बघायचो. साबणानंही न निघणारी नखांतली काळी रेघ, चादरीवरची पूड, सगळं पुस्तकात आहे असं नाही. पण ते फाटकाशी उभं राहणं आहे. मी पंधरा वर्षांचा होतो वाचलं तेव्हा. तोवर कुठल्याही पुस्तकात माझ्या घरातला माणूस भेटला नव्हता. अमेरिकन बाईच्या पुस्तकात भेटला, याला मी काय करू?

पुस्तकातली खोटही सांगतो. सगळा जिल्हा मिळून आठेक हजार माणसं आणि त्यांच्यावर एका देशाचा कोळसा! आमच्या वडिलांना सांगितलं तर पोट धरून हसले. प्रत्येक जिल्ह्याला एकच धंदा हे शाळेच्या नकाशासारखं झालं, कापूस इथं, संत्री तिथं.

मास्तर, 'बलुतं' मी वाचलंय. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं घेतलं. पण हे आधी वाचलं होतं म्हणून तिथं हात गेला. उलट क्रमानं गेला नसता.

इंदोऱ्याची :
वरच्यांनी दीक्षाभूमीचं नाव काढलंच आहे तर बोलते. मला पुस्तक आवडलं नाही, आणि कारण मास्तरांचं नाही. मी पुरं वाचलंय, तिन्ही भाग.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं जमली. माझी आजी त्यांत होती, लेकरू कडेवर घेऊन. त्याच्यामागं वर्षानुवर्षांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं, भांडणं, वर्गण्या. कुणा एकीनं ऐनवेळी धाडस दाखवलं आणि लोक पेटले, असं झालेलं नाही. या पुस्तकांत संघटना येते तेव्हा ती कट करणारी, दगाबाज अशीच येते. वाचणाऱ्या पोराच्या मनात काय राहतं? एकटी शूर, बाकी सगळे वापरून घेणारे. हे मला खटकतं. मजा येते याला माझी हरकत नाही, मलाही आली.

हिशेबी :
वाद चालू द्या, मी फक्त आकडे तपासले. गेलच्या सात वर्षांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या ७. घरात पाच माणसं, दरवर्षी ५ जादा, सात वर्षांच्या ३५. एकूण ४२. कॅटनिस पाच वर्षं, घरात तिघं : ५ आणि १५, वीस. बरोबर जुळतं.

पण याच्यात एक खोच आहे. निवडीच्या दिवशी मेयरची मुलगी छान कपड्यांत दारात येते आणि गेल तिच्यावर डाफरतो : तुझ्या असून असून किती, पाच? माझ्या बाराव्या वर्षीच सहा होत्या. ती बिचारी काय करणार, नियम तिनं थोडेच केलेत. तरी राग कॅपिटॉलवर न निघता शेजारणीवर निघाला, आणि सरकारला तेच हवंय. गेललाही हे कळतं, रानात तो तेच बोलतो, तरी दारात तोंडातून निघतंच. इंदोऱ्याची ताई, संघटना का होत नाही याचं उत्तर मला त्या दारात मिळालं.

बडग्या :
आपल्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत नेत्यांचे पुतळे, म्हणजे बडगे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अर्धं नागपूर घसा फोडतं. मग जाळतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. राग दरवर्षी वेळेवर येतो आणि वेळेवर विझतो. असली पुस्तकं म्हणजे कागदी बडगे. २०१२ ला सिनेमा आला, त्यातली बंडाची खूण असलेली पिन विकत मिळते. कॅपिटॉलनं आणखी काय करायला हवं होतं?

काऊन_बे :
भौ, थायलंडमध्ये २०१४ ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा लोकांनी याच गोष्टीतली तीन बोटं वर केली होती. त्यापायी लोकांना पकडून नेलं. पिन विकणाऱ्याले कोणी पकडत नाई.

बडग्या :
हे माहीत होतं. तरी सत्ता लष्कराकडंच राहिली ना.

इंदोऱ्याची :
मग बोटं वर करायची नव्हती का? मी एकटीच्या धाडसाला नावं ठेवली, धाडसाला नाही.

खाणीचा_पोरगा :
नवतपावाली ताई, तुमच्या पोस्टवर एक राहून गेलं. (पुढं शेवट फुटतोय, न वाचलेल्यांनी खाली जा.) ज्या पोराच्या मरणाला तुम्ही वैतागलात, त्याला रात्रभर जनावरं फाडत असतात. शेवटी कॅटनिस बाण सोडते तो दया येऊन. तुम्हालाही तो संपायला हवा होता, तिलाही. राग मानू नका.

नवतपावाली :
राग नाही. पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही हे. लेकीला विचारलं, तुला त्या ठिकाणी काय वाटलं? म्हणाली, 'मी ते पान वाचलंच नाही, पुढं गेले.' सोळा वर्षांची पोर.

महालचा_मास्तर (चार दिवसांनी) :
पुस्तक संपवलं. टोमणे सहन न होऊन.

शेवटची ती जनावरं भडक आहेत, गणपतीतल्या देखाव्यासारखी. दोन पोरांच्या प्रेमाबद्दल मात्र माझं चुकलं. निदान या भागात ते प्रेम नाहीच, कॅमेऱ्यासमोर जगण्यासाठी केलेला धंदा आहे. चुंबन दिलं की प्रायोजकांच्या पैशातून वरून सूप पडतं. हे लिहिणं सोपं नाही. ऑर्वेलच्या शेजारी मी अजूनही ठेवणार नाही. 'बलुतं'बद्दलचं माझं म्हणणंही तसंच आहे, खाणीवाल्यांचा क्रम सगळ्यांचा नसतो.

पण ताई, शेवटाकडं एक जागा आहे. खेळ संपल्यावर तिला सजवणारे तिघं हौसेनं गप्पा मारतात. अमुक घडलं तेव्हा मी अंथरुणातच होतो, तमुक झालं तेव्हा मी नुकत्याच भुवया रंगवून घेतल्या होत्या. सगळं स्वतःबद्दल, मेलेल्या पोरांबद्दल शब्द नाही. आणि ती म्हणते, आमच्या जिल्ह्यात आम्ही दात आवळून बघतो आणि संपलं की कामाला लागतो. ते वाचलं आणि या धाग्याचा तुमचा पहिला परिच्छेद आठवला.

नवतपावाली :
परत वाचला. कूलर. तीन वाजले. वरणात मीठ.

महालचा_मास्तर :
माझे तर्री-पोहेही त्यातच धरा.

काऊन_बे :
मास्तर, दुसरा भाग पायजे का? माझ्याकडं आहे. महालात आणून देतो उद्या.

महालचा_मास्तर :
आणा. सहानंतर या मात्र, ऊन उतरू द्या.