केर न करणारं नाताळचं झाड : तुमचे अनुभव सांगा

आपल्या किनाऱ्यावर सुरूची फांदी आणून ख्रिसमस ट्री करायची जुनी पद्धत आहे. दिसते छान, पण वाळली की गळायला लागते. आपण जिला सुरूची पानं म्हणतो त्या खरं तर बारीक हिरव्या काड्या. त्या सांध्या-सांध्यावर तुटतात आणि फरशीच्या फटीत, येशूजन्माच्या देखाव्यासाठी मांडलेल्या गोठ्यातल्या गवतात, अगदी कुलकुलांच्या (नाताळच्या गोड फराळाच्या) ताटातही जाऊन बसतात. शिवाय सुरूचं बन वारा नि वाळू अडवतं, त्याला कोयता लावूच नये असं माझं ठाम मत आहे. प्लास्टिकचं झाडही जुनं झालं की पट्ट्या गाळतं. तुम्ही काय करता? करायची रीतही लिहा.

उत्तन
आमच्याकडे मासेमारीच्या जाळ्याची जुनी हिरवी दोरी असतेच. भिंतीवर दोन्ही बाजूंनी खिळे मारायचे, खाली लांब, वर जवळजवळ, आणि दोरी नागमोडी ओढत शेंड्यापर्यंत न्यायची. जाळ्याचे छोटे फ्लोट रंगवून त्यावर अडकवतो. एक मात्र नक्की करा: दोरी गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून कडक उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढतं, दोरी दमट राहते आणि भिंतीवर डाग पडतात. नाताळ संपला की दोरी गुंडाळून माळ्यावर.

वेंगुर्ला
सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळं परडीत मांडतो, मधे दिव्यांची माळ. झाड नाहीच. पुसायला फडकं पुरतं.

अलिबाग, भाड्याचं घर
मालकांना खिळा चालत नाही. म्हणून सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं पडद्याच्या दांडीवरून सोडते आणि दोन्ही बाजू मागे दुमडून त्रिकोण करते. लाल काठ तिरका येईल अशी घडी बसली की झाडाची कड आपोआप उठून दिसते. सेफ्टी पिना मागच्या बाजूने, चांदण्या कागदाच्या. सासूबाई दारातूनच ओळखतात आणि खूश होतात. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, उतरवते.

वसई
मला विचाराल तर गोठा आधी. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी तो मांडला. तोच मनापासून करा. गवताऐवजी खाली गोणपाट अंथरलं तर केर होत नाही. चांदणी दारात लावतोच.

रेवदंडा
आम्ही कुंडीत अरौकेरिया, म्हणजे ख्रिसमस ट्रीसारखा दिसणारा वृक्ष, लावलाय. मूळचा पॅसिफिक महासागरातल्या नॉरफॉक बेटावरचा, त्यामुळे खारा वारा सोसतो. नाताळात घरात, एरवी व्हरांड्यात. फांद्या नाजूक आहेत, जड काही टांगू नका. खालची फांदी एकदा गेली की तिथे पुन्हा येत नाही. आता तो माझ्या कमरेएवढा झालाय आणि कुंडी बदलायची आहे. पावसाआधी बदलावी की नंतर? कुणी केलं असेल तर जरूर लिहा.