पाच महिन्यांचं लेकरू, नागपूरहून पुणे विमान: कागद, कान, रस्ता

आर्णीचा मामा

नमस्कार मंडळी. बहीण बाळंतपणाले माहेरी आली होती, आता पुण्याले सासरी परत जायचं आहे. भाची पाच महिन्यांची, फक्त अंगावर पिते. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर लेकरू घेऊन बसणं जिवावर येते, म्हणून नागपूरहून विमानाचं ठरवलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा. बहिणीसोबत आमची आई राहील, मी विमानतळापर्यंत सोडून देणार. घरात याआधी विमानात कोणीच बसलेलं नाही.

लेकराचे कागद कोणते लागतात? जन्मदाखल्यावर अजून नाव चढलं नाही. विमानात लेकरांचे कान दुखतात म्हणतात, त्याले काय करा लागते? आन् आर्णीहून किती वाजता निघावं? ज्याले पक्कं माहीत आहे त्यानंच सांगा, अंदाजपंचे नको.

चेक-इन काउंटर

भाऊ, तिकीट काढतानाच प्रवाशांमध्ये 'इन्फंट' निवडा. दोन वर्षांच्या आतलं बाळ त्यात येते, आणि वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. त्याला वेगळी सीट मिळत नाही, आईच्या मांडीवर बसायचं, त्याचं ठरावीक शुल्क भरायचं. एका मोठ्या माणसामागे एकच बाळ. 'काउंटरवर सांगू' म्हणून हे मागे ठेवू नका. एका विमानात किती तान्ही बाळं घ्यायची याला मर्यादा असते, ती भरली तर ऐनवेळी तिकीट जोडता येत नाही.

जन्मदाखल्यावर नाव नसलं तरी जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं असतात, वयाचा पुरावा म्हणून तेवढं चालते. तरी वेळ आहे तर नाव चढवूनच घ्या. जन्मानंतर बारा महिन्यांच्या आत नाव नोंदवायला शुल्क नाही. लोक इथे चुकतात ते असं की गावच्या ग्रामपंचायतीत जातात. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथल्या निबंधकाकडे असते. बाळंतपण यवतमाळला झालं असेल तर दाखला आणि नाव दोन्ही यवतमाळलाच, आर्णीला काही होणार नाही. नाव चढलं की तिकिटावर स्पेलिंगही अगदी तसंच टाका.

दाखल्यासोबत लसीकरणाचं कार्ड घ्या, म्हणजे आशाताईंनी दिलेलं माता बाल संरक्षण कार्ड. त्यावर जन्मतारीख असते, म्हणून दुसरा पुरावा म्हणून कामी येते. पुण्यात नवव्या महिन्याच्या लसीला तेच दाखवावं लागेल, तेव्हा ते चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या, मोठ्या बॅगेत न टाकता बहिणीच्या पर्समध्ये राहू द्या. बाळाचं निळं आधार काढलं असेल तर उत्तमच. नसलं तरी अडत नाही. विमानतळाच्या दारावर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय दलाचा, जवान आईसोबतच्या बाळाचं वेगळं ओळखपत्र मागत नाही. वयाचा पुरावा बघते ती विमान कंपनी, काउंटरवर.

बाळ सोबत असलं की मोबाईलवरचं चेक-इन बहुतेक वेळा पूर्ण होत नाही, काउंटरवर यावंच लागते. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होते, बोर्डिंगचं गेट २५ मिनिटं आधी. बाळ असेल तर दोन तास आधी पोचा. आणि एक लक्षात ठेवा, तुम्हाला तिकिटाशिवाय आत सोडणार नाहीत. तेव्हा आईला आणि बहिणीला दोघींना मिळून उचलता येईल एवढंच सामान द्या. देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे माणशी १५ किलो चेक-इनमध्ये आणि ७ किलो हातात. बाळाच्या नावावर सामान असेलच असं धरून चालू नका.

सीट मागताना बहिणीला खिडकीची, तिच्या शेजारी आईला मधली. पाजायला आडोसा मिळतो, आणि कडेच्या सीटवर जाता-येता ट्रॉलीचा धक्का बाळाच्या पायाला लागतो, तो टळतो. आपत्कालीन दाराच्या रांगेत बाळ बसवत नाहीत. एका बाजूच्या तीन सीटांत दोन बाळंही बसवत नाहीत, कारण वरच्या पेटीत तीन सीटांमागे ऑक्सिजनचे मास्क चारच असतात.

बालरोग_वर्धा

कानाचं नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरी याची वेळ चुकते.

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते, ती एका बारीक नळीनं घशाशी जोडलेली असते. विमान वर जाताना केबिनमधला दाब कमी होतो, तेव्हा पोकळीतली जास्तीची हवा नळीतून आपोआप सुटते. उतरताना उलट होते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि नळी उघडल्याशिवाय हवा आत जात नाही. नळी उघडते गिळताना. म्हणून दुखणं मुख्यतः उतरताना असते, चढताना कमी.

आता चूक कुठे होते ते पाहा. विमान धावायला लागलं की सगळे बाळाला पोटभर पाजतात. नागपूर-पुणे हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास. उतरायची वेळ येते तेव्हा बाळ तुडुंब भरलेलं आणि गाढ झोपलेलं. तोंड लावत नाही, आणि झोपेत गिळणंही कमी होते. म्हणून पोटभर पाजणं विमानात चढायच्या तासभर आधी उरकून घ्या. उड्डाणाच्या वेळी दोन-चार घोट किंवा चोखणी पुरे. मुख्य पाजणं उतरतानासाठी राखून ठेवा.

उतरणं जमिनीला लागायच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होते. घोषणेची वाट पाहू नका. इंजिनाचा आवाज मंदावला, तुमच्या स्वतःच्या कानात दडा बसायला लागला, की बाळाला उठवा आणि पाजायला घ्या. झोपलेलं असलं तरी उठवा. बाळ थोडं सरळ धरा, अगदी आडवं नको. दोन्ही बाजूंना थोडं थोडं, थांबत थांबत, म्हणजे चाकं टेकेपर्यंत पुरते. रडलंच तर घाबरू नका, रडताना मध्येमध्ये गिळलं जाते.

नाक चोंदलेलं असेल तर उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन. औषधी थेंब मनानं घालू नका. कान वाहत असेल, ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, तारीख बदलावी लागली तरी बदला. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा हृदयाचा वा फुप्फुसाचा त्रास असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, तिथे बाळाला प्राणवायू कमी मिळतो. निरोगी बाळाला ते सोसते, आजारी बाळाला जड जाऊ शकते.

झोपेसाठी कोणतंही औषध किंवा गोळी देऊ नका. सर्दीच्या औषधानं झोपवायचा सल्ला कोणी देईल, तोही ऐकू नका. काही बाळं त्यानं उलट जास्त बेचैन होतात, काहींचा श्वास मंदावू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाळगोळी सुचवली तर हात जोडून नाही म्हणा.

पाण्याचं: सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, उन्हाळा असला तरी. पाजण्याच्या वेळा वाढवा. बहिणीनं मात्र भरपूर पाणी प्यावं.

वणीची ताई

विमान सव्वा तासाचं आहे, भाऊ. कठीण आहे तो आर्णी ते नागपूर रस्ता. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी धरून १९० किलोमीटरच्या आसपास, लेकरू घेऊन थांबत गेलं तर साडेचार तास धरा. एप्रिलअखेर दुपारच्या उन्हात गाडी उभी राहिली की आतली शेगडी होते. म्हणून सकाळी अकराच्या आसपासचं विमान पाहा आणि साडेचारला घर सोडा. नऊला पोचता, ऊन चढायच्या आत एसीत. विमानतळ सोनेगावले, वर्धा रोडच्या बाजूनेच लागते, शहरात शिरायचं काम नाही. उन्हाळ्यात दुपारी हवा तापून वर उसळते, विमानले धक्के जास्त बसतात, हेही सकाळच्या बाजूनं आहे.

गाडी दर दीड-दोन तासांनी थांबवा. एकदा कळंबले, एकदा वर्ध्याच्या अलीकडे. पाजणं गाडी उभी असतानाच. लेकरू मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन कोणी बसू नये, एअरबॅग फुटली तर सरळ त्याच्यावर येते.

कपडे सुती, पातळ, एकावर एक. विमान जमिनीवर उभं असते तेव्हा आत उकडते, वर गेल्यावर गारठते. एक जाड स्वेटर घालून काही होत नाही, काढता-घालता आलं पाहिजे. हातातल्या बॅगेत चार डायपर, दोन जोड कपडे, बहिणीसाठी एक जादा ब्लाऊज किंवा कुर्ता. हे शेवटचं सगळे विसरतात. डायपर विमानात चढायच्या आधीच बदला, विमानतळावर बाळासाठी खोली असते. पाजताना अंगावर घ्यायले जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवा, तोच अंथरायले होते.

आर्णीचा मामा

लई उपकार. आता साडेअकराचं तिकीट पाहतो. अजून तीन गोष्टी. भाचीच्या पायात चांदीचे वाळे आन् कमरेले करदोटा आहे, मशीन वाजते का? पट्टा कसा बांधतात? आन् आई डिंकाचे लाडू, तिखट, खोबरं देऊन राहिली.

चेक-इन काउंटर

वाळे वाजू शकतात. काढायची सक्ती नाही, महिला जवान हातानं तपासते. लवकर सुटायचं असेल तर घरीच काढून पर्समध्ये ठेवा. करदोटा नुसता दोऱ्याचा असेल तर प्रश्न नाही. बाळ कडेवरच राहते. बाळाची कांगारू पिशवी, गाडी, दुपटं हे एक्स-रेच्या पट्ट्यावर. बाळाला ट्रेमध्ये कधीही ठेवायचं नाही. आधी आजी पलीकडे गेली तर बहिणीची तपासणी होताना बाळ आजीकडे देता येते.

बाळासाठी वेगळा छोटा पट्टा असतो, तो विमानात बसल्या बसल्या एअर होस्टेसला मागा. त्या पट्ट्याच्या कडीतून आईचा पट्टा जातो आणि छोटा पट्टा बाळाच्या पोटाभोवती बसतो. आईच्या पट्ट्याच्या आत बाळाला घेऊन एकच पट्टा लावू नये. झटका बसला तर आईचं सगळं वजन बाळावर येते. कांगारू पिशवीतून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बाळाला बाहेर काढायला सांगतात.

डिंकाचे लाडू न्या, हातातही चालतात. तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये घट्ट बांधून टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठेच नको. त्यात तेल असते, आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून विमानात मनाई आहे, बॅग उघडायला लावतात. नेलकटर आणि कात्री चेक-इनमध्ये, पॉवर बँक मात्र हातातच.

बालरोग_वर्धा

बाटलीनं पाजणारं कोणी हे वाचत असेल तर: देशांतर्गत विमानात बाळाचं दूध आणि पाणी प्रवासापुरतं नेता येते, विचारलं तर बाटली दाखवायची. पावडर मोजून कोरड्या डबीत, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि दूध ऐनवेळी करायचं. आधी करून ठेवलेलं दूध उन्हाळ्यात लवकर नासते. वर गेल्यावर बाटलीतली हवा फुगते, अर्धी भरलेली बाटली उघडली की निपलमधून दूध उडते. झाकण आधी किंचित सैल करून हवा जाऊ द्या, मग निपल तोंडात.

पुण्यातली मावशी

बाळगाडी नेणार असाल तर ती काउंटरवर टॅग लावून विमानाच्या दारापर्यंत वापरता येते. पुण्यात ती दाराशीच मिळेल की बाकी सामानासोबत पट्ट्यावर, हे उतरताना विचारून घ्या. दोघींनी घाईनं उठू नये, पुढची गर्दी गेल्यावर निघावं. घ्यायला येणाऱ्यांनी पार्किंगमध्ये थांबावं, सामान हातात आलं की फोन करायचा. नाहीतर गाडी दारासमोर उभी करू देत नाहीत आणि बाळ उन्हात ताटकळते.