फवारणीची विषबाधा झाली होती. दहा दिवसांत परत पंप पाठीवर घेऊ द्यावा का?

बोरीकाठची:

नमस्कार. मी पारोळा तालुक्यातली. आमची दीड एकर कोरडवाहू आहे, तीही सासऱ्यांच्या नावावर. घर चालतं ते माझ्या निंदणीच्या रोजावर आणि आमच्या ह्यांच्या फवारणीवर. पंपामागे ४० रुपये मिळतात. दिवसाला वीस-बावीस पंप मारतात. हे दोन-अडीच महिनेच काय ते पैशाचे.

मागच्या मंगळवारी ते गावातल्याच एका बागायती कपाशीत होते. मे अखेरची लागवड, ठिबकवरची, झाडं डोक्याच्या वर गेलेली. ड्रममध्ये दोन औषधं आणि वर टॉनिक, असं एकत्र कालवलेलं होतं. पंपाच्या झाकणाचा वायसर झिजला होता, त्यामुळे दुपारपर्यंत सदऱ्याची पाठ सगळी ओली. तीनच्या सुमारास मळमळायला लागलं तर निंबाखाली बसले आणि परत उठून चार पंप मारले. घरी आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणे, "काही नही, ऊन लागनं व्हई."

मलाही तसंच वाटलं. भाद्रपदातलं ऊन आमच्याकडे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण दिवेलागणीला बघते तर उशी लाळेने भिजलेली, डोळ्यांतून पाणी, अंगाला घामाची धार. दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. मोबाईलची बॅटरी डोळ्यावर धरली तर बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. शेजारच्या काकू म्हणाल्या मिठाचं पाणी पाजून उलटी काढ, पण तोवर दिराने मोटरसायकल काढली होती. दोघांच्या मधे त्यांना बसवून नेलं.

दवाखान्यात पहिला प्रश्न काय, तर "काय प्यायले? घरात भांडण झालं का?" मी सांगितलं, फवारणीवरून आलेत. परत तोच प्रश्न. तिसऱ्यांदा माझ्या सासूला बाजूला घेऊन विचारलं. नवरा असा पडलेला आणि मी माझ्या संसाराची साक्ष देत उभी. ते मला अजून विसरता येत नाही. पण उपचार केले, हेही खरं. इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. रात्रभर हे बडबडत होते आणि चादरीवरून काहीतरी वेचत होते. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. चौथ्या दिवशी सोडलं. कागदावर "फवारणी टाळावी" एवढंच लिहिलंय. किती दिवस, ते नाही.

आता शेतमालकाचा निरोप आलाय, शुक्रवारी दुसरा फवारा आहे. हे म्हणतात मी बरा आहे. पण सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागतो, आणि विहिरीवरून घरापर्यंत आले की धाप लागते. जाऊ द्यावं का? किती दिवस थांबायचं असतं? रक्त तपासून कळतं का? आणि एक, तो सदरा मी त्याच रात्री पोरांच्या कपड्यांसोबत एका टबात भिजवला होता. माझ्या हाताला दोन दिवस आग होत होती. पोरांना काही होईल का?

---

सिस्टर, अमळनेर:

ताई, आधी उत्तर देते, मग कारण सांगते. शुक्रवारी पाठवू नका. या हंगामात पंप पाठीवर घेऊच देऊ नका. आणि धाप लागते म्हणताय, तर उद्या सकाळीच परत दाखवा. शुक्रवारची वाट बघू नका.

मी २९ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. श्रावण-भाद्रपदात आमच्या वॉर्डात दोन प्रकारचे पेशंट हमखास, एक साप चावलेले आणि दुसरे फवाऱ्याचे. तुम्ही लिहिलेली लक्षणं म्हणजे लाळ, घाम, पाणावलेले डोळे, बारीक बाहुली, मांस फडफडणं. ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची ठळक खूण. उन्हाने चक्कर येते, मळमळतं, पण उन्हाने लाळ गळत नाही आणि बाहुली मोहरीएवढी होत नाही. तुम्ही बॅटरी धरून डोळा पाहिलात, त्यामुळे वेळेत पोचलात. मिठाचं पाणी पाजलं नाहीत हेही फार बरं झालं. अर्धवट शुद्धीत उलटी काढायला गेलं की ती फुप्फुसात उतरते, आणि मग विषापेक्षा तेच जिवावर बेततं. दूध, तूप, ताक, काहीच पाजायचं नसतं.

ती बडबड आणि चादरीवरून वेचणं अ‍ॅट्रोपिनचं. तेच त्यावरचं औषध. डोस चढला की तोंड सुकतं, नाडी पळते, माणूस भलतंसलतं बोलतो. डोस उतरला की जातं. डोक्यावर कायमचा परिणाम झाला असं मनात आणू नका.

आता परत का जायचं नाही ते. आपल्या शरीरात कोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. मज्जातंतूने स्नायूला हुकूम दिला की तो हुकूम पुसून टाकायचं काम त्याचं. हे विष त्या एन्झाइमलाच धरून बसतं. मग हुकूम पुसलाच जात नाही, म्हणून लाळ थांबत नाही, मांस फडफडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. माणूस चौथ्या दिवशी उठून चहा पितो, पण ते एन्झाइम तेवढ्यात भरून येत नाही. रक्तद्रवातलं काही आठवड्यांत येतं. लाल पेशींतलं भरायला दोन-तीन महिने, कधी जास्तही लागतात. मधल्या काळात थोडंसं विष अंगावर गेलं तरी पहिल्यापेक्षा मोठा झटका बसतो. मंगळवारी बावीस पंपांनी जे झालं ते शुक्रवारी पाच पंपांनी होऊ शकतं. रक्ताची तपासणी असते. "कोलिनएस्टरेज" एवढंच नाव सांगा. आता एकदा करा आणि महिन्याने परत करा. आकडा एकदाच पाहून फारसं कळत नाही, चढतोय की नाही ते कळायला हवं.

गुंड्या लावता येत नाहीत हे डॉक्टरांना नक्की सांगा. यातल्या काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पोटऱ्यांत मुंग्या येतात, पाय लुळे पडतात, चालताना चप्पल पायातून निसटते. तसं काही दिसलं तर "अशक्तपणा आहे, जाईल" म्हणून घरी बसू नका.

पोरांचं. आठ दिवस होत आले आणि ती खेळताहेत, जेवताहेत, म्हणजे काळजी नको. पण ते कपडे परत एकदा वेगळे धुवा, आणि तो टब घरात वापरू नका. यापुढे फवाऱ्याचा सदरा घरात येताच कामा नये. बाहेरच काढायचा, वेगळ्या घमेल्यात साबणाने धुवायचा, रबरी मोजे घालून. मी किती जणींना असं सांगितलंय! शेतात न गेलेली बाई नवऱ्याचे कपडे धुवून आजारी पडलेली मी स्वतः पाहिली आहे.

आणि भांडणाच्या प्रश्नाबद्दल. ताई, त्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, कारण प्यायलेल्याचा उपचार वेगळ्या अंगाने चालतो. पण एकदा विचारावं. तीनदा विचारणं, सासूला बाजूला घेणं, हे चुकलंच. तुम्ही मात्र एक करा, केसपेपरवर काय लिहिलंय ते बघा. "फवारणी करताना अपघाती विषबाधा" हे शब्द तिथे हवेत. नुसतं "विषबाधा" असेल तर दुरुस्त करून मागा.

---

कपाशीवाला एरंडोल:

सिस्टरांनी सांगितलं त्यात मी फक्त शेतातलं घालतो. माझी स्वतःची सहा एकर आहे आणि अर्धा फवारा मी स्वतः मारतो.

वहिनी, दादांना विष गेलं ते पाठीतून. आम्ही सगळे नाकाला रुमाल बांधतो आणि समजतो झालं संरक्षण. ओली पाठ कोणी बघत नाही. घामाने कातडी भिजलेली असते, वर गळका पंप, आणि तोच सदरा सहा तास अंगाला चिकटलेला. रुमालाचंही तेच, एकदा भिजला की औषध नाकाशीच बांधून ठेवल्यासारखं. मी आता खताची रिकामी प्लास्टिकची गोणी फाडून, धुवून, पाठीवर बांधतो आणि तिच्यावर पंप घेतो. दिसायला काहीही दिसो, पाठ कोरडी राहते. वायसर दहा-वीस रुपयांना मिळतो. मालकाने तो बदलून दिला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरं, उंच कपाशी. समोर नळी धरून पुढे चालत गेलं की आपणच मारलेल्या ओल्या झाडांतून आपण जातो. छाती, मांड्या, सगळं भिजतं. वारा पाठीमागून किंवा बाजूने घ्यायचा आणि मारलेल्या ओळीत शिरायचं नाही. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत हे जमतच नाही, म्हणून मी शेंडे खुडतो आणि अंतर वाढवलं आहे. २०१७ साली यवतमाळला फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही वाढलेली कपाशी आणि मिसळलेली औषधं यांचीच चर्चा होती.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणं, ड्रममध्ये हाताने ढवळणं, आणि मधेच बसून तंबाखू-चुना मळणं. ही तीन कामं मी पंधरा वर्षं केली आहेत. तंबाखूचं तर असं, की विष आपणच तळहातावर मळून ओठाखाली ठेवतो. आता कंबरेला जुना दातांचा ब्रश बांधून ठेवतो, नोझल त्यानेच साफ करतो. तंबाखू घरी ठेवून जातो.

दादांना म्हणावं, मजूर म्हणून यायचं असेल तर ठिबकचं, खत टाकायचं काम सांगणारे लोक आहेत. रोज कमी पडेल, पण आहे.

---

कृषी केंद्रातला:

मी धुळ्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे. डब्यावर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालवर कवटीचं चित्रही असतं. हिरवं म्हणजे निर्धोक नव्हे, एवढंच की त्यातल्या त्यात कमी. सोबतच्या घडीपत्रकावर विषबाधा झाली तर उतारा कोणता ते छापलेलं असतं. म्हणून दवाखान्यात जाताना डबा किंवा निदान त्याचा फोटो न्यायचाच. सगळ्याच औषधांना अ‍ॅट्रोपिन चालत नाही. काही तणनाशकांना तर उताराच नाही, पॅराक्वाट त्यातलंच.

दोन औषधं एकत्र करायला दुकानदारच सांगतात, हेही मी कबूल करतो. मजुराचा एक फेरा वाचतो म्हणून शेतकरी मागतो आणि आम्ही देतो. मिसळ केलेल्या ड्रमवर लेबल नसतं. माणूस पडला की डॉक्टरला काय सांगणार, आत काय होतं?

वहिनी, त्या शेतमालकाकडून दोन्ही डब्यांचे फोटो मागवून घ्या. रिकामे डबे बांधावर पडलेले असतील. आणि तुमच्या घरात असा एखादा डबा धुवून पाण्याला, रॉकेलला वापरात असेल तर आजच ठेचून टाका.

---

कपाशीवाला एरंडोल:

एक राहिलं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत औषध हाताळताना झालेली विषबाधा धरतात, पण मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे मिळतात. दवाखान्याचा खर्च मिळत नाही. शिवाय ज्याच्या नावावर सातबारा आहे तो, आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण, एवढेच त्यात बसतात. सासऱ्यांच्या नावावर जमीन आहे म्हणून दादा बसू शकतात. पण ज्याची गुंठाभर जमीन नाही आणि जो दुसऱ्यांच्या शेतात जन्मभर फवारतो, तो त्यात नाही. सगळ्यात जास्त विष त्याच्याच अंगावर जातं. हे बदलायला पाहिजे आणि आम्ही जमीनवाल्यांनीच ते मागायला पाहिजे. १९७१च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत असं लिहिलेलं आहे. मी आजवर कुठल्या मजुराच्या अंगावर पाहिले नाहीत, माझ्याही शेतात नाही. यंदा दोन जोड हातमोजे आणि एक अ‍ॅप्रन आणला आहे.

---

बोरीकाठची:

सगळ्यांचे आभार. काल धुळ्याला नेऊन आणलं. तुम्ही म्हणालात तसं नाव सांगितल्यावर डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. आकडा बराच कमी आला. छाती तपासली, धाप अशक्तपणाची आहे म्हणाले, पण दोन महिने औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि महिन्याने परत रक्त. डॉक्टरांनी स्वतः ह्यांना तोंडावर सांगितलं, म्हणून ऐकलं. माझं ऐकलं नसतं.

केसपेपर पाहिला. नुसतं "विषबाधा" लिहिलं होतं. दीर जाऊन दुरुस्त करून आला, दोन चकरा पडल्या.

मालकाकडे डब्यांचे फोटो मागितले. आधी म्हणाले कशाला, केस करणार का? मी सांगितलं, डॉक्टरला दाखवायचेत. मग पाठवले. एक डबा लाल, एक पिवळा. शुक्रवारच्या फवाऱ्याला त्यांनी दुसरा पोरगा लावला आहे. आमच्याच आळीतला, एकोणीस वर्षांचा, पंपही तोच. मी त्याच्या आईकडे जाऊन आले. तिला ओल्या पाठीचं सांगितलं आणि वायसरसाठी वीस रुपये दिले. एरंडोलच्या दादांनी सांगितलेली गोणी कशी बांधायची, दोरी खांद्यावरून की काखेतून? त्याला उद्या सकाळी निघायच्या आधी दाखवायची आहे.

---

कपाशीवाला एरंडोल:

गोणीचा बंद कोपरा मानेकडे घ्या, दोरी दोन्ही काखांतून पुढे आणून छातीवर गाठ. खाली कमरेच्या वीतभर खालपर्यंत यायला हवी, नाहीतर गळलेलं पँटीत उतरतं. आणि त्याला म्हणावं सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर मार, मधे बस. घरी जायच्या आधी विहिरीवरच साबणाने अंग धुवून दुसरे कपडे घालायचे. साबणाची वडी सोबत द्या.