स्वप्नातली जाणीव आणि आपला स्वभाव : अनुभव धागा

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे उमगणे, म्हणजेच ल्युसिड ड्रीमिंग, फारसे दुर्मीळ नाही. अनेक अभ्यासांच्या २०१६ सालच्या एकत्रित विश्लेषणानुसार निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना तो अनुभव एकदा तरी आलेला असतो. स्वभावाशी त्याचा संबंध मात्र क्षीण आहे. नव्या अनुभवांचे मोकळेपणाने स्वागत करणाऱ्यांमध्ये तो किंचित अधिक आढळतो. म्हणून स्वप्नाबरोबरच, जागेपणी आपण कसे आहोत हेही प्रत्येकाने लिहावे, ही विनंती.

*

मी मुद्रितशोधक आहे आणि स्वतःच्या वाचण्यावरही लक्ष ठेवण्याची मला सवय जडली आहे. स्वप्नात मी एक ओळ तपासत होते. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली, नजर समासाकडे नेऊन परत आणली, तर ती ओळच निराळी झाली होती. छापलेला मजकूर असा बदलत नाही, त्या अर्थी मी झोपेत आहे, हे तत्क्षणी लख्ख कळले. आनंदाच्या भरात जाग येणार असे वाटताच मी तळहात एकमेकांवर चोळले, आणि स्वप्न आणखी काही काळ टिकले. यात कल्पकतेपेक्षा आपल्याच मनावर पहारा ठेवण्याच्या सवयीचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

*

माझे वेगळे आहे. मी लहानपणापासून भित्रा, आणि पाठलागाची भयस्वप्ने नेहमीचीच. तोच अंधारा जिना पुन्हा समोर आला, तेव्हा ‘हे ओळखीचे आहे’ असे वाटून मी थांबलो, मागे वळलो, तर मागे कोणीच नव्हते. चिंताळूपणा आणि स्वप्नातली ही जाणीव यांच्यात दिसणारा संबंध भयस्वप्नांचे प्रमाण हिशेबात धरल्यावर बराचसा विरतो, असे वाचले, आणि माझ्यापुरते तरी ते पटले.

*

मला कळते, पण बदलता काहीच येत नाही. जागेपणी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे व्हावे असा माझा आग्रह असतो. स्वप्नात मात्र मी निव्वळ प्रेक्षक असते.

*

स्वभावावर इतका भर देण्याशी मी सहमत नाही. १९७५ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ कीथ हर्न यांनी झोपलेल्या व्यक्तीकडून, आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचालींद्वारे, स्वप्नातूनच खूण मिळवली. पुढे अमेरिकी स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी ‘पुढचे स्वप्न मला ओळखायचे आहे’ हा निश्चय घोळवत झोपण्याची पद्धत मांडली. मी अगदी रुक्ष माणूस, स्वप्ने लक्षातही न राहणारा. तरी पहाटे उठून, हाच निश्चय करत पुन्हा झोपल्यावर मलाही तो अनुभव आला. झोपमोड मात्र होते, आणि ज्यांची झोप मुळातच अपुरी होते त्यांनी हा प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.